पाव्हणं तोंड

पैज लागली ती छबूबाईच्या चहाच्या टपरीवर, आणि तिला कारण झाली छबूबाईची शेळी.

झालं असं की हेमचंद्र गुरुजींच्या मनगटाला पावलं मोजणारं घड्याळ होतं. त्यांची मुलगी भार्गवी पुण्यात नोकरीला. बाप रोज किती चालतो ते तिला तिकडं मोबाईलवर दिसायचं आणि कमी चालला तर संध्याकाळी बोलणी बसायची. त्या दिवशी गुरुजी आंघोळीला गेलेले बघून कल्याणनं ते घड्याळ खिडकीतून उचललं आणि शेळीच्या गळ्यात बांधलं. शेळीनं सगळं तिसगाव पालथं घातलं, दोनदा कुत्र्यापुढं पळाली, एकदा ग्रामपंचायतीच्या जिन्यावर चढली. दुपारी भार्गवीचा रडवेला फोन. "बाबा, तुमच्या मागं कोणी लागलंय का?"

टपरीवर सगळे पोट धरून हसले. गुरुजी नाही हसले, पण ते नोकरीत असतानाही हसत नसत. विज्ञान शिकवायचे. बारीक कोरलेली मिशी, इस्त्रीचा सदरा, आणि जगात कारणाशिवाय काही घडत नाही यावर ठाम विश्वास.

कल्याणचं मात्र समाधान झालं नाही. कल्याण म्हणजे मंडपवाला. लग्न असो नाहीतर दहावा, मंडप त्याचा, भोंगा त्याचा, आणि भोंग्यातून मधेच भलतंच काही ऐकू आलं तर तेही त्याचंच. पन्नाशीला टेकला तरी मिशीला पीळ आणि अंगात खोड्या कायम. पण खोडी काढायची कुणासाठी? शेजारच्या आसारामसाठी. दोघांच्या घरांत एकच भिंत. कल्याणनं काही केलं की आसाराम असा हसायचा की टपरीचा पत्रा थरथरायचा.

आता आसाराम हसत नव्हता. त्याला हसायला तोंडच नव्हतं, आणि जे होतं ते त्याचं नव्हतं.

दोन वर्षांमागं रानातली लाईट गेली, वायरमन फोन उचलेना, कांद्याचं रोप वाळायला लागलं. आसाराम गेला डीपीवर, विजेच्या ट्रान्सफॉर्मरवर, फ्यूज टाकायला. अख्ख्या तालुक्यात लोक असंच करतात, हातात वाळकं लाकूड आणि तोंडात देवाचं नाव. डीपीनं भडका घेतला. डोळे तेवढे वाचले. मग वर्षभर पट्ट्या, आणि एक दिवस दक्षिणेतल्या कुठल्याशा मोठ्या दवाखान्यानं त्याला मेलेल्या एका माणसाचं तोंड बसवलं. कुणाचं, कुठलं, ते सांगत नाहीत. कायदाच तसा आहे. आठ दिवसांमागं तो घरी आला. तोंड चांगलं होतं. नाक सरळ, मिशी दाट, रंग एक छटा उजळ. मानेपर्यंत तिसगाव, त्याच्यावर कुठलं गाव ते देवाला ठाऊक. पण हलत म्हणून नव्हतं. भिंतीवर डकवलेल्या पोस्टरसारखं नुसतं समोर बघायचं.

"मी हसवतो त्येला," कल्याण बशीतला चहा फुंकत म्हणाला. "पोळ्याच्या आत."

"नसा जुळायला वर्ष-दीड वर्ष लागतं," गुरुजी म्हणाले. "विनोदानं नसा वाढत नाहीत. मी वाचलंय."

"लावता पैज?"

"कशाची?"

कल्याणनं मिशीवरून बोट फिरवलं. "अर्धी मिशी. हरंल त्यानं द्यायची, बाजाराच्या दिवशी, चार लोकांत, भीमा न्हाव्याच्या खुर्चीत."

गुरुजींनी आधी घड्याळाकडं बघितलं, त्याला अजून शेळीचा वास येत होता. "लावली," ते म्हणाले.

*

आसारामच्या दारात त्याची बायको सत्यशीला उभीच होती. आधी मास्क, मग साबणानं हात, मग चार हात लांब खुर्ची.

"सर्दी न्हाई ना, भाऊजी?"

"मला कोन सर्दी देनार, वहिनी?"

तिनं सगळं समजावलं. अंगाला कळतं म्हणे, हे आपलं नाही. मग अंग त्याला हाकलायला बघतं. तोंड लाल होतं, सुजतं, आणि वेळेत आवरलं नाही तर कुजतं. म्हणून सकाळ-संध्याकाळ गोळ्या. अंग गुंगीत ठेवायचं, म्हणजे ते भांडत नाही.

कल्याणनं शेळीची गोष्ट सांगितली. तिखटमीठ लावून सांगितली. शेळी जिन्यावर चढली तिथं आसारामच्या डोळ्यांत पाणी आलं. गळ्यातून गुर्रर्र आवाज यायला लागला, खांदे गदगदले, पोट हललं. तोंड जिथल्या तिथं. विहिरीवर मोटार चालू आणि नळाला थेंब नाही, असला प्रकार.

मग हसू ओसरलं आणि आसाराम खाली बघून हळूच म्हणाला, "कल्या, पोराचं लगीन व्हईल. फोटोत मी कुठं उभा राहू? सोयरे इचारतील, ह्यो मधला कोन?"

त्याला रडू फुटलं.

आणि तेव्हा तोंडाचा डावा कोपरा वर गेला. सावकाश. कुणी खिडकीचा पडदा जरासा उचलून बाहेर बघावं तसा. मग गाल चढला. ओठ फाकले. चांगलं मोकळं हसू होतं, आणि त्याच्यावर दोन डोळे होते ते भरून वाहत होते.

कल्याणनं मांडीवर थाप मारली. "हसला. वहिनी, बगा, हसला."

"कोन हसला?" आसाराम म्हणाला.

"तू."

"मी कशाला हसू? मला रडू येतंय."

त्यानं बोटं वर नेली. अंधारात काडेपेटी शोधावी तशी ती गालावरून फिरली आणि त्या वर गेलेल्या कोपऱ्यापाशी आली. त्यानं हात झटकन काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी तोंड टोमॅटोसारखं लाल. नगरच्या दवाखान्यात नेलं, इंजेक्शनं झाली, दक्षिणेतला डॉक्टर फोनवरून सांगत राहिला. अंगानं तोंड नाकारायला सुरुवात केली होती, वेळेत सापडलं म्हणाला. तिसगावात एवढं लांबलचक कोण बोलतो. गावानं म्हटलं, तोंड रुसलं.

*

लाली उतरली, आसाराम घरी आला, आणि कल्याणला पैज आठवली. आपण बघितलं ते खरं, पण साक्षीला आसारामची बायकोच. साक्षीदार गुरुजीच पाहिजेत. त्यानं गुरुजींना मास्क लावून खुर्चीत बसवलं. त्यांनी खिशातून भिंग काढलं.

"भिंग कशाला?"

"निरीक्षणाला."

कल्याणनं नवीन तीन गोष्टी सांगितल्या. त्यातली एक सांगण्यासारखी नव्हती म्हणून सत्यशीला आत गेली. आसारामचं पोट हललं, तोंड नाही. मग कल्याणच्या गोष्टी संपल्या. गुरुजींना वाटलं, आता आपण काहीतरी धीराचं बोलावं. ते म्हणाले, "आसाराम, विज्ञानावर विश्वास ठेव. हे तोंड आता तुझंच आहे."

डावा कोपरा उचलला.

गुरुजींचं भिंग हातातच राहिलं. तोंड हसत होतं, आसाराम नाही. आसारामचे डोळे घाबरून गुरुजींकडं, कल्याणकडं, पुन्हा गुरुजींकडं जात होते, आणि त्यांच्या खाली ते हसू मजेत रुंदावत होतं.

"हसला," गुरुजी म्हणाले. "मी हरलो." आणि भिंग पुसायला त्यांनी मान खाली घातली.

तेवढ्यात तोंडानं कल्याणला डोळा मारला.

डाव्या डोळ्याची पापणी. टिच्चून, चवीनं. आता पापणी आसारामचीच होती, हे खरं. पण आसारामनं जन्मात कधी डोळा मारला नव्हता. त्याला येतच नव्हता, दोन्ही मिटायचे. चाळीस वर्षं टवाळकी केलेला माणूस दुसरा टवाळ लांबून ओळखतो. कल्याणनं ओळखला. एखाद्याचं दुखलं की त्याला मजा येते, दुसऱ्याला धीर दिला की त्याला आणखी मजा येते, अशा जातीचा होता. आयुष्यात पहिल्यांदा त्याला कुणाची खोडी आवडली नाही.

दुसऱ्या दिवशी तोंड नुसतं लाल नाही, कडेनं सोलायला लागलं. पुन्हा नगर, पुन्हा इंजेक्शनं, जास्त दिवस. डॉक्टर या वेळी हळू बोलला. आणखी एकदा असं झालं तर तोंड काढावं लागेल.

"मग खाली काय असतं?" सत्यशीलेनं विचारलं.

डॉक्टरनं गोळ्यांच्या वेळा पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतल्या.

*

आठवड्यानं सत्यशीला कल्याणच्या दारात आली. बरोबर आसारामची आई, साळूबाई. म्हातारी वाकलेली, पण बोलायला सरळ.

"भाऊजी, तुमी आता येत जाऊ नका," सत्यशीला म्हणाली. "तुमच्या गाडीचा आवाज आला की ते डावीकडून उचलतं. ह्ये झोपेत असले तरी."

कल्याणलाही तो संशय होताच. दोन दिवस तो गाडी ढकलत गल्लीबाहेर नेत होता, उगाच नाही.

"ते रुसलंय," साळूबाई म्हणाली. "रुसंल न्हाई तर काय करंल? पाव्हणं हाय ते. कुठल्या मुलखाचं, कुठल्या माउलीचं, हितं आलं. दारात आलेल्याला आधी गूळ-पानी देत्यात. ह्याला आल्यापासून काय दिलं? गोळ्या. आनि तुमी दोघांनी त्येच्यावर पैज लावली. शर्यतीच्या बैलावर लावावी तशी. पाव्हण्यावर पैज लावत्यात व्हय रं, कल्या?"

कल्याणला एरवी हसू आलं असतं. "न्हाई, मावशी."

"मी सकाळपासनं चालू केलंय. आधी ओठाला गुळाचा खडा टेकवायचा, पान्याचं बोट लावायचं, घ्या पाव्हणं म्हनायचं, मग गोळी. ह्यो म्हनतो, आई, मला साखर वर्ज्य हाय. म्हनलं, तुला कोन देतंय?"

"मग माझं काय काम?"

"पैज मोड."

"पैज मोडता येत न्हाई, मावशी. हरता येती."

"मग हर. लावली चार लोकांत, हर बी चार लोकांत."

कल्याण तसाच उठून गुरुजींकडं गेला. गुरुजी आरशापुढं बसून मिशी मोजून कोरत होते, जाण्याआधी शेवटचं म्हणून.

"गुरुजी, मी हरलो."

"कसा काय? मी डोळ्यांनी पाहिलंय. तो हसला."

"आसाराम हसलाच न्हाई. तोंड हसलं."

"तोंड हसलं म्हणजे आसाराम हसला. त्या अंगात दुसरं कुणी नव्हतं."

"व्हतं."

गुरुजींनी कात्री ठेवली. चष्मा काढला. चष्म्याशिवाय ते एकदम म्हातारे दिसले. "कल्याण, मिशी गेली तर महिन्यानं येते. पण तू म्हणतोस ते मी मानलं, तर इतकी वर्षं पोरांना जे शिकवलं ते जाईल. ते येत नाही. हरलो मीच. आणि तू मला हरू देणार आहेस."

"मावशीनं मला सांगितलंय हरायला."

"मला न्यूटननं सांगितलंय."

असे दोघं संध्याकाळपर्यंत भांडले. मी हरलो, तू नाही, मीच. गुरुजींच्या ओट्यापुढं माणसं जमली. तिसगावात हरण्यावरून झालेलं ते पहिलंच भांडण.

*

बाजाराच्या दिवशी कल्याणनं स्वतःचाच भोंगा लावला. "ऐका हो ऐका. मंडपवाला कल्याण पैज हरलेला हाय. चिंचेखाली यावं. जागा धरून बसावं."

कोंबडीवाले आले, भाजीवाल्या तराजू घेऊन आल्या, शेजारच्या करंजी गावचे लोक टेम्पोच्या टपावर चढले. भीमानं खुर्ची मांडली, आरसा टांगला, वस्तरा पट्ट्यावर घासला. तेवढ्यात गर्दीतून इस्त्रीच्या सदऱ्यातले गुरुजी आले आणि सरळ खुर्चीत बसले.

"उठा," कल्याण म्हणाला.

"नाही."

"गुरुजी, लोकं बगत्यात."

"बघू देत. हरलेला मी आहे."

कल्याणनं त्यांना दंडाला धरून उठवलं. गुरुजी पुन्हा बसले. आता दोघांची अर्धी-अर्धी बैठक एकाच खुर्चीवर. भीमा म्हणाला, "मला काय, मी दोघांची घेतो. एकाच खुर्चीत दोन गिऱ्हाइकं." लोक रस्त्यात बसून हसायला लागले. शेवटी खुर्चीचा पाय वाकला, गुरुजी घसरले आणि कल्याण टिकला.

"डावी का उजवी?" भीमानं विचारलं.

"तुला हाताला येईल ती."

भीमानं डावी घेतली. तीस वर्षं पीळ दिलेली मिशी दोन फटक्यांत फडक्यावर पडली. अख्खा बाजार हसला. कांद्याच्या ढिगावर बसलेल्या म्हाताऱ्या हसल्या. कल्याणनंही हसून घेतलं, आपण हसलो नाही तर लोकांचं राहून जातं म्हणून. गुरुजी मात्र तोंड फिरवून उभे होते, जेवणाच्या पंगतीतून उठवल्यासारखे.

आणि मग पलीकडची गर्दी फाटली.

आसाराम येत होता. डोक्यापासून गळ्यापर्यंत उपरणं, मागं सत्यशीला.

कल्याणच्या गालावर फेस तसाच होता. त्यानं पटकन टॉवेल तोंडावर घेतला. अर्धी मिशी. याच्याहून हसण्यासारखं या घडीला तिसगावात काही नव्हतं. ते तोंड हसलं की संपलं. उद्या लाल, परवा नगर, आणि मग खाली काय असतं ते.

"गर्दीत कशाला आलास?" तो टॉवेलातून म्हणाला. "वहिनी, न्या त्येला घरी."

"टॉवेल काढ," आसाराम म्हणाला.

"न्हाई काढत."

"काढ, कल्या. बगू दे त्येला."

कुठंतरी कोंबडी फडफडली.

कल्याणनं टॉवेल काढला.

आसारामनं उपरणं सोडलं.

तोंड लाल नव्हतं. सुजलेलं नव्हतं. हसतही नव्हतं. कल्याण डाव्या कोपऱ्याकडं बघत राहिला. कोपरा हलला नाही.

मग भीमा म्हणाला, "तुमची कुनी काढली?"

तेव्हा सगळ्यांनी बघितलं. त्या दाट मिशीची डावी बाजू नव्हती. उजवी होती तशी होती.

"कुनीच न्हाई," आसाराम म्हणाला. "सकाळी उठलो तर नव्हती. उशीवर केस बी न्हाईत. आई म्हनली, पाव्हण्यानं बी भरली पैज. जा, चार लोकांत दावून ये."

भीमानं पुढं होऊन बघितलं. "हितं वस्तरा लागलेलाच न्हाई," तो हळूच म्हणाला.

अर्ध्या मिशीची दोन माणसं समोरासमोर उभी. आसारामनं कल्याणकडं बघितलं, आरशात स्वतःकडं बघितलं, आणि त्याचं पोट हललं. खांदे गदगदले. गळ्यातून गुर्रर्र झालं, आणि दोन्ही कोपरे एकदम वर गेले. डोळ्यांसकट. त्या हसण्यानं टांगलेला आरसा हलला. नळाला पाणी आलं होतं.

लोकांनी टाळ्या पिटल्या. सत्यशीला रडली. गुरुजी जवळ आले, भिंग काढलं, आसारामचा ओठ नीट बघितला आणि सुटका झाल्यासारखं म्हणाले, "गोळ्यांनी केस गळतात. वाचलंय मी." आणि भार्गवीला फोन लावायला बाजूला गेले.

गर्दी पांगली. कांद्याचा भाव पुन्हा सुरू झाला. आसाराम वाकलेल्या खुर्चीत बसला होता आणि कल्याण चार हात लांब उभा राहून गालावरचा फेस पुसत होता.

पुसता पुसता तो थांबला.

आसारामच्या ओठाच्या वर, मिशी गेलेल्या जागी, एक पांढरी खूण होती. नखाएवढी, चंद्रकोरीसारखी वाकडी. जुनी, सुकलेली.

कल्याणनं ती ओळखली. दोघं चौथीत असताना मढीच्या जत्रेत, गाढवांच्या बाजारात, आसारामला एका गाढवानं लाथ घातली होती. ओठ फाटला होता. पोरं चिडवायची, म्हणून मिसरूड फुटल्याबरोबर आसारामनं मिशी ठेवली आणि मग कधीच काढली नाही. लग्नातही नाही. सत्यशीलेनंसुद्धा ती खूण कधी बघितली नव्हती.

ती खूण असलेलं तोंड डीपीवर जळून गेलं होतं.

"काय बगताय, भाऊजी?" सत्यशीला म्हणाली.

"काय न्हाई."

आसाराम बाजाराकडं बघत बसला होता. बघता बघता त्याचं बोट ओठावर गेलं आणि ती खूण खाजवायला लागलं, चौथीत खाजवायचा तसं, नखाच्या कडेनं, खालून वर.